खर्जाची तार



शिक्षकानें वार्षिकांत लेख लिहावयाचा म्हटला म्हणजे विषय बहुधा ठरलेला असतो: उद्योगाचें महत्त्व, वेळेचा सदुपयोग, किंवा एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र. यंदां त्या वाटेनें न जातां मीं एका खरेदीची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. खरेदी लहानशीच होती. चार तारांचें एक वाद्य, बेस गिटार, आणि तेंही स्वस्तांतलें. परंतु त्या वाद्यानें आमच्या घरांत व माझ्या समजुतींत जो फरक पाडला तो लहान नाहीं, आणि त्यांतील कांहीं भाग तुमच्या व तुमच्या पालकांच्याही उपयोगी पडेल असें मला वाटतें.

आपल्या शाळेच्या गायकवृंदाची एक जुनी अडचण आहे. चार आवाजांची रचना बसवावयाची म्हणजे सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बेस असे चार भाग लागतात. पहिले दोन भाग मुली सहज उचलतात. टेनर कसाबसा जमतो. बेस मात्र कोणालाच गातां येत नाहीं, कारण तो प्रौढ पुरुषाच्या गळ्याचा स्वर आहे, आणि आपले मुलगे आठवी-नववींतले. त्या वयांत गळा फुटत असतो; सोमवारीं ज्या मुलाचा स्वर खालीं उतरतो तोच मुलगा बुधवारीं कोंबड्यासारखा वर उडतो. त्यांत मुलांचा दोष नाहीं, तो वयाचा धर्म आहे. परंतु परिणाम असा होतो कीं ‘उपासना संगीता’तील एखादें गीत आपण चार भागांत बसवूं लागलों म्हणजे त्याला भिंती असतात, छप्पर असतें, पाया नसतो. गेल्या वर्षीं जुलै महिन्यांत नाताळच्या गीतांची निवड चालली असतां नववीच्या एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, बेसचा भाग कोणी गाणार नसेल, तर तो वाजवतां नाहीं कां येणार?" प्रश्न साधा होता. त्याचें उत्तर मला वीस वर्षांपूर्वींच सुचावयास हवें होतें.

ज्यांना हें वाद्य ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेस गिटारला बहुधा चार. त्यांचीं नांवें गिटारच्या खालच्या चार तारांचींच, इ, ए, डी आणि जी. परंतु प्रत्येक तार एक सप्तक खालीं लावलेली असते. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ८२ वेळां कंप पावते, बेसची सुमारें ४१ वेळां. तार खालच्या स्वरांत बोलावी असें वाटत असेल तर तीन उपाय आहेत: ती लांब करावी, ढिली करावी किंवा जड करावी. हा नियम मारें मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनें १६३६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मांडला. परंतु आपल्या भागांतील लोकांना त्याचा अनुभव ग्रंथावांचूनही आहे. देहू-आळंदीचा पखवाजी पखवाजाच्या डाव्या पुडीस ओली कणीक थापतो ती कशासाठीं? पुडी जड झाली कीं स्वर खालीं उतरतो. मिरजेच्या तंबोऱ्यास खर्जाची तार जाड आणि पितळेची घालतात तीही याच कारणास्तव. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें हें तुम्हांपैकीं कित्येकांनीं वाचलें असेल. तंबोरा छेडतांना ऐकणाराचें लक्ष त्या खर्जाच्या तारेकडे क्वचितच जातें. गाणाराचें मात्र तिच्यावांचून चालत नाहीं. बेस गिटार म्हणजे पाश्चात्य गायनवादनांतील ती खर्जाची तार होय.

युरोपांतील वाद्यवृंदांत हें काम डबल बेस नांवाचें पुरुषभर उंचीचें वाद्य करीत आलें आहे. तें नेणें-आणणें म्हणजे कपाट हलविण्यासारखें, आणि ढोल व कर्णे यांच्या गलबल्यांत त्याचा आवाज बुडून जातो. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामधील फुलरटन गांवीं लिओ फेंडर नांवाचे एक गृहस्थ रेडिओ दुरुस्तीचें दुकान चालवीत असत. त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती. तशा वाद्याचे प्रयत्न पूर्वींही झाले होते. परंतु विजेवर बोलणारी, गळ्यांत अडकवितां येणारी, पडद्यांची बेस गिटार जगभर पसरली ती फेंडर यांनीं १९५१ सालीं ती बाजारांत आणल्यावर. तिचें नांव त्यांनीं ‘प्रिसिजन’ ठेविलें. पडदे असल्यामुळें बोट टेकतांच नेमका स्वर मिळे, म्हणून हें नांव.

वाद्य घ्यावयाचें तर पैसा कोठून आणावा हा प्रश्न होता. शाळेंतील वाद्यांसाठीं असलेली रक्कम त्या वर्षीं पेटीच्या दुरुस्तींत खर्च झाली होती. माझ्यापाशीं थोडी शिल्लक होती. परंतु ती दुसऱ्या कामासाठीं राखलेली होती, आणि तें काम कळण्यासाठीं माझ्या वडिलांविषयीं सांगितलें पाहिजे.

बाबा १९७४ सालीं नगर जिल्ह्यांतून पिंपरीस आले. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली होती, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें होतें, आणि पवना व इंद्रायणी यांच्या मधला माळ यंत्रांनीं भरून चालला होता. बाबांना भोसरीच्या एका कारखान्यांत काम मिळालें: प्रथम पंधरा वर्षें पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर, पुढें टूलरूममध्यें फिटर म्हणून. रविवारीं ते उपासनेच्या वेळीं बेस गात. लहानपणीं मी त्यांच्या शेजारीं बसत असें, आणि त्यांचें गाणें मीं कानांपेक्षां बांकाच्या लांकडांतूनच अधिक ऐकलें. त्यांचा खालचा स्वर लागला म्हणजे बांक थरथरे.

प्रेसचा ठोका दिवसभर चाले. कानांत घालावयास कापसाचे बोळे मिळत. जो ते घाली त्याला इतर हंसत. आवाजामुळें येणारें बहिरेपण एकाएकीं येत नाहीं. आंतल्या कानांत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. त्या आवाजाच्या माऱ्यानें मरतात आणि पुन्हां उगवत नाहींत. प्रथम जातात त्या उंच स्वरांच्या, सेकंदाला ४,००० कंपनांच्या आसपासच्या. खालचे स्वर पुष्कळ काळ टिकतात. म्हणून अशा माणसाला बोललेलें ऐकूं येतें, परंतु कळत नाहीं. स, श, फ यांसारखीं व्यंजनें उंच कंपनांचीं; तीं गळून पडतात. भाजीवाली ‘साठ’ म्हणाली कीं बाबांना ‘आठ’ ऐकूं येई, आणि ते आठच रुपये पुढें करीत. आम्ही हंसत असूं. त्या हंसण्याची आठवण आज मला सुखाची वाटत नाहीं.

कारखाने अधिनियम, १९४८ याच्या तिसऱ्या परिशिष्टांत ज्या रोगांची खबर देणें बंधनकारक होतें त्यांची यादी होती. आवाजामुळें येणारें बहिरेपण त्या यादींत होतें. परंतु बाबांनीं कधीं कोणाला सांगितलें नाहीं, आणि कारखान्यानेंही विचारलें नाहीं. निवृत्त होण्यापूर्वींच त्यांनीं गायकवृंद सोडला. "तुमचं गाणं कुठं सुरू होतं अन् कुठं संपतं, मला कळत नाहीं," एवढेंच म्हणाले.

पुढें एका शिबिरांत त्यांना श्रवणयंत्र मिळालें. आठ दिवस वापरून त्यांनीं तें कपाटांत ठेवून दिलें. "यानं भांडी मोठी होतात, माणसं नाहीं," असा त्यांचा अभिप्राय पडला. त्यांच्या कानांची तपासणी करवून त्या मापानें जुळविलेलें चांगलें यंत्र घ्यावें म्हणून मी दरमहा कांहीं रक्कम बाजूस ठेवीत होतों. मीं ही गोष्ट दोनदां काढली, आणि दोन्ही वेळां "मला आतां काय ऐकायचंय?" असें म्हणून त्यांनीं विषय बदलला. तिसऱ्यांदां काढण्याऐवजीं मीं त्या रकमेंतून १४,००० रुपये उचलले आणि पुण्याचा रस्ता धरला. त्यांना नकोच आहे, मुलांना तर हवें आहे, अशी मीं स्वतःची समजूत घातली. माणसाला स्वतःची समजूत घालण्यास फार मोठें कारण लागत नाहीं.

पिंपरीहून मेट्रोनें जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत आणि तेथून रिक्षानें लष्कर भागांतील एका दुकानांत मी गेलों. भिंतीवर दहाबारा बेस टांगलेल्या होत्या. किंमती ८,००० रुपयांपासून लाखाच्या पलीकडे. वाद्य आणि सरावापुरता लहान ध्वनिवर्धक मिळून १४,००० रुपये, त्यावर एक रुपया नाहीं, असें मीं आधींच सांगून टाकलें. दुकानदार तरुण होता, परंतु त्यानें नाक मुरडलें नाहीं. तीन वाद्यें खालीं काढून दिलीं आणि "बसून वाजवा, घाई नाहीं," म्हणाला.

स्वस्त वाद्य पारखावें कसें, हें पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें सांगतों. प्रथम दांडी बंदुकीच्या नळीसारखी डोळ्यासमोर धरून टोकापासून पाहावी. ती पिळलेली असेल तर वाद्य भिंतीवर परत जावें, कारण दांडीचा वांक काढतां येतो, पीळ बहुधा निघत नाहीं. मग चारी तारांवर पडद्यागणिक एकेक स्वर काढावा. एखादा स्वर खरखरला किंवा मुका निघाला तर पडदे उंचसखल आहेत असें समजावें. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी होते. तेथें तारेस नुसतें बोट लावून काढलेला घंटेसारखा स्वर आणि तार दाबून काढलेला स्वर एकच यावयास हवा. दाबलेला स्वर चढा लागला तर घोडी किंचित् मागें सरकवून तार लांब करावी लागते. नंतर वाद्य ध्वनिवर्धकास जोडून त्याचीं सर्व बटणें फिरवून पाहावीं. कुरकुर आली तर आंत धूळ किंवा सैल जोड असतो. शेवटीं पट्टा गळ्यांत घालून उभें राहावें आणि हात सोडावे. दांडीचें डोकें जमिनीकडे झुकूं लागलें तर तें वाद्य तासाभरांत खांदा दुखविणार.

पहिल्या वाद्याची दांडी पिळलेली निघाली. दुसरें आंखूड, ३० इंची तारेचें. लहान हातांस सोईचें, परंतु त्याची इ तार मला जरा पोकळ वाटली. तिसरें ३४ इंची, काळ्या रंगाचें, दिसण्यांत अगदीं सामान्य. पण त्याचा प्रत्येक पडदा बोलला. पडद्यांचीं टोकें मात्र तळहाताला बोंचत होतीं. तें मीं घेतलें.

इतक्या थोड्या किंमतींत सरळ दांडी आणि नेमके पडदे कसे मिळतात, असें मीं दुकानदाराला विचारलें. तो म्हणाला कीं असलीं वाद्यें बहुतेक इंडोनेशियांत किंवा चीनमध्यें तयार होतात, आणि लांकूड कापण्याचें काम संगणकावर चालणारीं यंत्रें करतात. त्याच जातीचीं यंत्रें आपल्या भोसरी-चाकणच्या शेडांत लोखंड व ॲल्युमिनियम कापीत असतात. तुम्हांपैकीं कित्येकांचे वडील तीं चालवितात. यंत्र उंची वाद्य आणि स्वस्त वाद्य असा भेद करीत नाहीं, दोन्ही सारख्याच नेमकेपणानें कापतें. पैसा वांचविला जातो तो शेवटच्या हातकामांत: पडद्यांचीं टोकें घासणें, तारांची उंची बसविणें, दांडीचा वांक जुळविणें. स्वस्त वस्तूंत जें कमी असतें तें बहुधा माणसाच्या हाताचें काम. ही गोष्ट मीं मनांत नोंदून ठेविली. तिचा अर्थ मला पुढें घरीं कळला.

घरीं पोंचलों तेव्हां बाबा आंतल्या खोलींत पडले होते. मीं वाद्य चोरासारखें बाहेरच्या खोलींत ठेविलें, ध्वनिवर्धकाची पिन लांब वायरच्या बोर्डांत घातली आणि कळ दाबली. तारेला बोट लावण्यापूर्वींच घूंऽऽ असा अखंड आवाज येऊं लागला. माझ्या पोटांत गोळा आला. १४,००० रुपये, आणि तेही त्या रकमेंतले, आणि वाद्य सदोष! मी पावती शोधूं लागलों. तोंच आंतून बाबांचा आवाज आला, "कसला आवाज येतोय रे हा?"

मी जागच्या जागीं थांबलों. गेल्या दहाबारा वर्षांत आमच्या घरांत एखादा आवाज प्रथम बाबांनीं ऐकला असें झालें नव्हतें. दाराची घंटा, कुकरची शिटी, नातवाची हांक, सगळें आम्हीं त्यांना सांगावयाचें. आज ते भिंतीपलीकडून मला विचारीत होते.

बाबा बाहेर आले. त्यांनीं वाद्याकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि कांहीं न विचारतां ध्वनिवर्धकावर तळहात ठेविला. मग वाकून बोर्ड उचलला. "ह्याला अर्थिंग नाहीं. मशीन अशीच घुमते," म्हणाले. वीज बंद करून, पिन काढून त्यांनीं बोर्ड उघडला. तिसरी तार खरोखरच सुटलेली होती. ती बसविल्यावर तो घुमारा जवळजवळ नाहींसा झाला. वाद्यांत दोष नव्हताच, दोष आमच्या घरच्या बोर्डाचा होता. आपल्या घरांतील वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते, आणि बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशीं जो जी स्वर निघतो त्याचीं कंपनें ४९ असतात. म्हणजे तो घुमारा खर्जाच्याच पट्टींतला होता. आणि बाबांच्या कानांत जी थोडी जागा अजून जिवंत राहिली होती ती हीच. (विद्यार्थ्यांनीं मात्र असा बोर्ड स्वतः उघडूं नये. वाद्याच्या तारा धातूच्या असतात. अर्थिंग नसतां त्यांतून धक्का बसण्याचा संभव असतो. मोठ्या माणसास किंवा वायरमनला बोलवावें.)

"वाजव," बाबा म्हणाले. मीं वाजविलें. त्यांनीं वाद्याच्या पाठीवर बोटें टेकलीं, थोडें ऐकलें आणि म्हणाले, "ही खालची उतरली आहे." मीं मोबाइलवर स्वर तपासला. वाटेंत हलल्यामुळें इ तार खरोखरच उतरली होती. मला तें कळलें नव्हतें.

"किती पडले?" त्यांनीं विचारलें. मीं सांगितलें. पैसे कोठून घेतले हें त्यांनीं विचारलें नव्हतें, परंतु तेंही सांगितलें. सांगतांना त्यांच्याकडे पाहण्याचा धीर झाला नाहीं. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या कानांचे पैसे कानांवरच गेले म्हणायचे," आणि हंसले. त्या हंसण्यानें मी सुटलों असें मला वाटलें नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून पाहतों तों बाबांनीं आपली जुनी हत्यारांची पेटी उघडली होती आणि बारीक कानशीनें ते पडद्यांचीं बोंचणारीं टोकें एकेक करून घाशीत होते. यंत्रानें जें काम करावयाचें सोडलें होतें तें त्यांनीं दोन सकाळींत पुरें केलें.

वाद्य शाळेंत आलें आणि ज्या विद्यार्थिनीनें प्रश्न विचारला होता तिच्याच हातीं तें दिलें. तिचे वडील चाकणच्या एका कारखान्यांत पाळीवर असतात. रात्रपाळीच्या आठवड्यांत घरीं आवाज करतां येत नाहीं, म्हणून तिचा सारा सराव शाळेंतच झाला. पहिल्या पंधरवड्यांत तिच्या बोटांना फोड आले, नंतर घट्टे पडले. हात लहान असल्यामुळें खालच्या पडद्यांवर तिची बोटें पोंचत नसत. तेव्हां बोटें ताणण्याऐवजीं सगळा हातच सरकवावा, ही युक्ति तिनें स्वतः शोधली.

नोव्हेंबरांत थंडी पडली आणि तारा पडद्यांवर झणझणूं लागल्या. पावसाळ्यांत लांकूड ओल धरतें, हिंवाळ्यांत ती सोडतें, आणि दांडी हलते. दांडीच्या पोटांत एक पोलादी सळई असते. ती षट्कोनी चावीनें आंवळली किंवा सैल केली म्हणजे वांक बदलतो. हें काम बाबांनीं शाळेंत येऊन केलें. पहिल्या व शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरावयाची आणि मधल्या पडद्यापाशीं तार व पडदा यांच्यामधली फट मोजावयाची. ती फट केसाएवढीही उरली नव्हती. बाबांनीं सळई पाव फेरा सैल केली, पाते घालून पाहण्याच्या आपल्या फीलर गेजनें फट मोजली, आणि "आज एवढंच. लांकडाला घाई केलेली चालत नाहीं," असें म्हणून दुसऱ्या दिवशीं पुन्हां आले. मग ते तिसऱ्या दिवशींही आले, आणि पुढें येतच राहिले. ‘मशीन बघायला येतों’ असें ते म्हणत. बसत मात्र ध्वनिवर्धकाशेजारीं.

एके दिवशीं ती विद्यार्थिनी खट्टू होऊन आली. तिच्या आईनें सरावाचें ध्वनिमुद्रण ऐकून विचारलें होतें, "यांत तूं काय वाजवतेस? मला तर कांहींच ऐकूं आलं नाहीं." मीं तिला जेम्स जेमरसन यांच्याविषयीं सांगितलें. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांत ते शाळेंत असतांना डबल बेस शिकले, आणि पुढें मोटाउन या ध्वनिमुद्रण-संस्थेच्या कितीतरी लोकप्रिय गाण्यांत त्यांनीं बेस वाजविली, तीही बहुतेक उजव्या हाताच्या एकाच बोटानें. त्यांचें नांव मात्र १९७१ पर्यंत त्या तबकड्यांवर छापलें गेलें नव्हतें. तिचें पुरतें समाधान झालें नाहीं. तेव्हां पुढच्या सरावाला मीं तिच्या आईस बोलाविलें, आणि एका गीताचें दुसरें कडवें चालूं असतां मुलीस वाजविणें थांबवावयास सांगितलें. दोनच ओळी झाल्या असतील. आई मागें वळून इकडे तिकडे पाहूं लागली. "काय झालं? गाणं एकदम हलकं कसं झालं?" मुलीनें पुन्हां वाजवावयास सुरुवात केली, आणि आईला आपल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत चारी भाग प्रथमच एकत्र जमले. मी समोर उभा राहून ताल धरीत होतों. तिसऱ्या कडव्याशीं मला एक आवाज ऐकूं आला, जो आपल्या गायकवृंदांत नाहीं. मान वळवून पाहिलें. बाबा ध्वनिवर्धकाच्या लांकडी खोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून बेस गात होते. गाणें कोठें सुरू होतें आणि कोठें संपतें हें त्यांना आतां हातानें कळत होतें. शब्द दोन ठिकाणीं चुकले, स्वर एकही चुकला नाहीं. मुलांनीं मागें वळून पाहिलें, पण गाणें थांबविलें नाहीं. याबद्दल मी त्यांचा आभारी आहें.

नाताळ झाला. जानेवारींत एका संध्याकाळीं बाबांनींच विषय काढला, "त्या यंत्राचं काय झालं?" मीं विचारलें, आतां कां? ते म्हणाले, "मुलं काय म्हणतात तें ऐकायचंय. चाल कळते, शब्द कळत नाहींत." उरलेल्या रकमेंत हप्त्यांची भर घालून आम्हीं कानांची रीतसर तपासणी करविली आणि यंत्र घेतलें. सुरुवातीस त्यांना भांड्यांचा त्रास झालाच. परंतु या खेपेस तें जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे ते चार वेळां स्वतः गेले. यंत्र ते सरावाला लावतात, नातवाच्या गोष्टींना लावतात, आणि भाजीबाजारांतही लावतात. उपदेश लांबला म्हणजे मात्र काढून खिशांत ठेवतात. त्यांत यंत्राचा दोष नाहीं.

आतां तात्पर्याचे दोन शब्द लिहिले नाहींत तर शिक्षकाचा लेख पुरा होत नाहीं. पहिला शब्द कानांविषयीं. गेलेले कान परत येत नाहींत. आपल्याकडे कारखान्यांत आठ तासांच्या पाळीस ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. ज्यांचे पालक गोंगाटाच्या जागीं काम करतात त्यांनीं घरीं हा विषय काढावा, आणि कानांत घालावयाचीं साधनें वापरणाऱ्यास कोणी हंसूं नये. तुम्ही मुलें कानांत यंत्रें खुपसून गाणीं ऐकतां त्यांनाही हाच न्याय लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें मोठ्यांसाठीं आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि लहानांसाठीं ७५ डेसिबल ही सीमा सांगितली आहे.

दुसरा शब्द माझ्या चुकीविषयीं. बाबा "नको" म्हणाले तें मीं खरें मानलें, कारण तें मानणें मला सोईचें होतें. त्यांना ऐकावयाचें नव्हतें असें नाहीं. ऐकण्यासारखें कांहीं त्यांच्यापर्यंत पोंचत नव्हतें. घरांतील वडील माणसें गप्प बसलीं म्हणजे त्यांना कांहीं नको आहे असें आपण समजतों. तुमच्या घरींही कोणी पाळीवरून येऊन मुकाट्यानें जेवीत असेल. घराचें गाणें त्या माणसाच्या आधारानें चाललें आहे, हें कळण्यासाठीं त्यानें थांबून दाखविण्याची वाट पाहूं नये.

वाद्य आतां संगीताच्या खोलींत असतें, आणि त्याच्या पिशवीच्या खिशांत बाबांचा जुना फीलर गेज असतो. ज्यांना शिकावयाचें असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें. बोटांना फोड येतील, त्याची तयारी ठेवावी. आणि बोर्डाला हात लावूं नये.

— एक शिक्षक